छताचा पंखा बदलायचाय, सगळेच बीएलडीसी घ्यावेत का? (पुणे)

गच्चीखालची
नमस्कार मंडळी, आम्ही वारज्यात राहतो, चार मजली बिल्डिंग आणि आमचा शेवटचा मजला, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. एप्रिल-मे मध्ये रात्री अकराला माळ्यावर काही ठेवायला चढलं तर स्लॅब हाताला चक्क कोमट लागतो. घरात एकूण ६ पंखे, हॉल, आमची बेडरूम, सासूसासऱ्यांची खोली, मुलाची खोली, स्वयंपाकघर आणि एक पाहुण्यांची खोली जिथे खरं तर इस्त्रीचे कपडेच राहतात. सगळे २००९ चे, फ्लॅट घेतला तेव्हाचे. त्यातला हॉलमधला आता फारच हळू फिरतोय, आणि सासऱ्यांच्या खोलीतला कट-कट-कट आवाज करतो, ते म्हणतात त्या तालावर झोप छान लागते, सासूबाई म्हणतात एकतर पंखा बदला नाहीतर मला बदला.
मे महिन्याचं बिल आलं, ३४० युनिट, आणि ह्यांनी जेवताना जाहीर केलं की सहाच्या सहा काढून बीएलडीसी, म्हणजे ते कमी वीज खाणारे ब्रशलेस डीसी मोटरचे पंखे लावायचे, कुठलातरी व्हिडिओ बघितलाय. तीन हजाराने सहा म्हणजे अठरा हजार झाले हो! खरंच एवढी वीज वाचते का, का नुसतं रिमोटचं कौतुक आहे? कोणी वापरतंय का दोन-चार वर्षांपासून? आणि घेताना बघायचं काय नक्की, दुकानात गेलं की सगळेच 'बेस्ट आहे ताई' म्हणतात.

मेतकूट
बाकीचं लोक सांगतीलच, पण हॉलमधला पंखा हळू फिरतोय म्हणून लगेच काढू नका. दहात आठ वेळा कंडेन्सर उतरलेला असतो. मेन स्विच बंद करून खालचा कप सैल करायचा, आत एक छोटी डबी असते, त्यावर बहुतेक २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असेल, तेवढ्याचाच नवा आणायचा. शंभराच्या आत काम होतं. आमच्याकडे दोन वर्षं 'पंखा म्हातारा झाला' म्हणून घाम गाळत बसलो होतो आणि शेवटी ही डबी बदलली तर कॅलेंडर उडायला लागलं.

गच्चीखालची
अरे वा, हे माहीतच नव्हतं. शंभरात होत असेल तर आधी तेच करते, ह्यांना सांगितलं तर म्हणाले 'बघू', म्हणजे व्हिडिओतलं डोक्यातून गेलेलं नाही.

आकडेमोड
ताई, यजमानांचं निम्मं बरोबर आहे. वीज वाचते हे खरं आहे, सहाच्या सहा बदला हे खरं नाही.
साधा १२०० मिमीचा म्हणजे ४८ इंची पंखा फुल स्पीडला ७० ते ८० वॅट घेतो. बीएलडीसी २८ ते ३५. म्हणजे साधारण ४५ वॅटचा फरक धरा. आता हा फरक पंख्यांच्या संख्येने गुणायचा नाही, तासांनी गुणायचा, इथेच सगळे चुकतात. तुमचे सासूसासरे दिवसभर घरी असतील तर त्यांच्या खोलीतला पंखा २० तास सहज फिरत असेल, नाही का? २० तास × ४५ वॅट म्हणजे रोजचं ०.९ युनिट. पुण्यात थंडीचे दोन महिने सोडले तर ३०० दिवस पंखा लागतो, म्हणजे वर्षाला २७० युनिटं. हिशोबाला सोपं पडावं म्हणून युनिटमागे १० रुपये धरले तर २७०० रुपये. तीन हजाराचा पंखा सव्वा वर्षाच्या आत फिटला. तुमच्या बेडरूममधला १२ तास असेल तर वर्षाला १६२ युनिटं, १६२० रुपये, दोन वर्षांत फिटला. आणि तो इस्त्रीच्या कपड्यांचा पंखा, रोज तासभर धरला तर वर्षाला साडेतेरा युनिटं, १३५ रुपये. तो फिटायला २२ वर्षं लागतील, तोपर्यंत तुमच्या मुलाला मुलं होतील.
दुसरं म्हणजे बिल टप्प्यांनी चढतं हे लक्षात घ्या. १०० पर्यंत एक दर, १०० च्या पुढे ३०० पर्यंत दुसरा, मग ५०० पर्यंत अजून वरचा. तुमचं ३४० आलंय म्हणजे वरची ४० युनिटं महागाची आहेत, आणि वाचलेलं युनिट नेहमी वरूनच कमी होतं, खालून नाही. त्यामुळे उन्हाळ्यात दोन पंखे बदलूनही बिलात जो फरक दिसेल तो माझ्या दहा रुपयाच्या हिशोबापेक्षा थोडा जास्तच दिसेल.

पर्वतीपायथा
आकडेमोड यांना +१. फक्त एक भर घालतो, हा ४५ वॅटचा फरक फुल स्पीडचा आहे. पुण्यात मे सोडला तर रात्री फुलवर कोण लावतं? पहाटे चारला गारवा येतो आणि झोपेत चादर शोधायची वेळ येते. साध्या पंख्याला नवा रेग्युलेटर असेल तर कमी स्पीडला तोही वीज कमी खातो, पण बीएलडीसी एक-दोनवर ५ ते १० वॅटवर येतो, म्हणजे एका एलईडी बल्बएवढा. मला रिमोटचा खरा उपयोग तोच वाटतो, पहाटे न उठता पाचचा दोन करता येतो, नाहीतर थंडी वाजते पण उठायचा आळस म्हणून रात्रभर पाचवरच चालू.
आणि ज्यांच्याकडे अजून तो जुना काळा डब्यासारखा रेग्युलेटर आहे त्यांनी कधी त्याला हात लावून बघा. गरम लागतो ना, ती तुमची वीज. त्या रेग्युलेटरमध्ये स्पीड कमी केलं तरी उरलेली वीज आत तारेत तापून जाते. पंखा ठेवायचा असला तरी निदान तो डबा तरी काढा.

वाड्यातला
आमच्या कसब्यातल्या घरी तसलाच डबा आहे. आजोबांच्या वेळचा. हिवाळ्यात मांजर त्याच्या खालच्या फळीवर बसायचं ते का हे आज कळलं.

शेंगदाण्याचा_कूट
मला एक कळत नाहीये, आमच्याकडे आधीच ५ स्टारचा पंखा आहे, २०१६-१७ च्या सुमारास घेतलेला, मग बीएलडीसी घेऊन अजून काय वाचणार? स्टार तर पाचच्या वर नसतात.

आकडेमोड
तुमच्या पंख्यावरचे स्टार तेव्हाच्या मोजमापाचे आहेत. त्या काळात उजाला या सरकारी योजनेतून देशात जे ५ स्टार पंखे विकले गेले ते ५० वॅटचे होते, आणि तेव्हा ते खरंच उत्तम होते. १ जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं झालं आणि मोजमापही कडक झालं. आता १२०० मिमीच्या पंख्याला ५ स्टार हवे असतील तर एका वॅटमागे मिनिटाला निदान ६ घनमीटर हवा फेकली पाहिजे. एक स्टारला ४ लागतात. तुमचा ५० वॅटचा पंखा समजा २१० घनमीटर हवा देतो, तर २१० भागिले ५० म्हणजे ४.२, आजच्या हिशोबाने एक स्टार. म्हणून लेबलवर साल आधी बघायचं, स्टार नंतर मोजायचे. तरीही तुमचा चालू आहे तर काढू नका, ५० आणि ३० मध्ये फरक वीसच वॅटचा आहे.

शेंगदाण्याचा_कूट
म्हणजे पाचवी पास झालो होतो आणि परत पहिलीत बसवलं. ठीक आहे, काढत नाही.

हडपसरची_सून
हा वरचा भागाकार फार महत्त्वाचा आहे, मी तिथेच फसले होते. दुकानात मी फक्त वॅट बघितले, २६ वॅट लिहिलेला दिसला, खूश होऊन घेतला. घरी लावला तर वारा असा की उदबत्तीचा धूर सरळ वर जातो. मग खोक्यावर नीट वाचलं तर तो १२०० नव्हताच, लहान पात्यांचा होता. लहान पंख्यांना स्टारचं मोजमाप वेगळं आणि सोपं असतं, त्यामुळे त्याला पाच स्टार होते आणि मी ते बघून हुरळले. तर ताई, खोक्यावर तीन गोष्टी शोधा, पात्यांचा व्यास, हवा किती ते म्हणजे एअर डिलिव्हरी, आणि वॅट. १२०० मिमीला हवा २१० च्या खाली नसावी, २२०-२३० असेल तर छान. हवा भागिले वॅट करा, मोबाईलवर दोन सेकंदाचं काम आहे. स्वयंपाकघरात मात्र ९०० चा लहानच बरा, नाहीतर गॅस विझतो.

गुंडाळी
मी लाइनमध्ये आहे, मोटर वाइंडिंग आणि घरची वायरिंग, २२ वर्षं झाली. बीएलडीसी पंख्याबद्दल दोन-चार गोष्टी सांगतो ज्या दुकानात कोणी सांगत नाही.
पहिली म्हणजे भिंतीवरचा रेग्युलेटर. बहुतेक बीएलडीसीला तो चालत नाही, काढून सरळ जोडायचा आणि त्या जागी ब्लँक प्लेट लावायची. लोक म्हणतात राहू द्या, पाचवर ठेवतो. मग घरातलं लहान पोरगं ते बटण फिरवतं आणि आतला बोर्ड खरखर करायला लागतो, पुढे जातो. हल्ली भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसी पण मिळतात, पण ते खोक्यावर स्पष्ट छापलेलं पाहिजे, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.
दुसरी, आत काय असतं ते समजून घ्या. साध्या पंख्यात तांब्याचं वाइंडिंग आणि कंडेन्सर, बस्स. बीएलडीसीच्या फिरणाऱ्या भागात कायमचे चुंबक असतात आणि एक सर्किट बोर्ड असतो, तो घरातली वीज डीसी म्हणजे बॅटरीच्या विजेसारखी करून वाइंडिंगला मोजून देतो. साध्या पंख्यात फिरत्या भागात चुंबकत्व तयार करायलाच वीज जाते आणि ती उष्णता होऊन बाहेर पडते, हात लावून बघा बंद केल्यावर, तापलेला असतो. बीएलडीसी गार असतो. बचत तिथून येते, जादू काही नाही. पण बिघडायला तो बोर्ड आहे. जळाला तर माझ्यासारखा माणूस वाइंडिंग करून देऊ शकत नाही, कंपनीचाच बोर्ड लागतो. म्हणून वॉरंटी किती वर्षांची ते बघा आणि त्यात बोर्ड आहे का ते विचारा, नुसती मोटरची वॉरंटी काही कामाची नाही.
तिसरी, रॉड. पाती आणि छत यात निदान एक फूट अंतर पाहिजे, नाहीतर पंख्याला वरून हवाच मिळत नाही, कितीही स्टार असू द्या. आणि पाती जमिनीपासून आठ फुटाच्या आसपास आली की वारा अंगाला चांगला लागतो. ताईंचा स्लॅब तापतो म्हणतात, तर रॉड आखूड ठेवू नका, स्लॅबला चिकटलेली गरम हवाच खाली येते.

गच्चीखालची
बाप रे, केवढी माहिती! दादा, पंखा डुलतो तो कशाने? आमच्या मुलाच्या खोलीतला डुलतो, मी त्याखाली पलंग ठेवूच देत नाही.

गुंडाळी
डुलतो म्हणजे बहुतेक पात्यांच्या वजनात फरक किंवा एखादं पातं वाकलेलं, दिवाळीत साफ करताना लोक पातं धरून ओढतात ना, तिथे वाकतं. एक पट्टी छताकडून प्रत्येक पात्याच्या टोकापर्यंत धरून अंतर मोजा, एक पातं अर्धा इंच खाली दिसलं तर तेच. आणि वरच्या हुकाचा रबर आणि कॉटर पिन बघून घ्या, तो रबर पंधरा वर्षांत भुगा होतो. हे मात्र चेष्टेवारी नेऊ नका, हुकाचं काम माहितीतल्या वायरमनकडूनच करा.

सदाशिवरावांचा_नातू
मी विरोधी पक्षात. तीन वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहात ४ बीएलडीसी लावले. पहिला तिसऱ्या वर्षी गेला, जूनच्या पहिल्या पावसात लाईट दोनदा गेली-आली आणि पंखा ठप्प. कंपनीचं नाव घेत नाही, कोणाचं काय नशीब. कस्टमर केअरला फोन केला, वॉरंटी दोन वर्षांची होती, बोर्ड विकत घ्या म्हणाले, बोर्ड यायला १७ दिवस. जूनमध्ये १७ दिवस! आईने माळ्यावरून जुना टेबल फॅन काढला, १९९० च्या आधीचा, लावला तर पहिल्या झटक्यात सुरू. तेव्हापासून घरात माझी इज्जत काय आहे ते विचारू नका. बोर्डाचे ९०० आणि माणसाचे ४००, वाचलेले पैसे तिथेच गेले.

आकडेमोड
गेले असं म्हणू नका, तिन्ही वर्षांत त्या पंख्याने किती वाचवलं ते पण मांडा. कुठल्या खोलीत होता?

सदाशिवरावांचा_नातू
देवघरात.

आकडेमोड
मग तुमचं बरोबर आहे, गेले.

पिंपळे_निळखकर
आमच्याकडे ५ वर्षं झाली, ४ पंखे, एकही बोर्ड गेला नाही. मला वाटतं वायरिंग आणि अर्थिंग नीट असलं तर फरक पडतो. आमच्या घरी मोठा फायदा इन्व्हर्टरवर झाला, तो कोणीच लिहिला नाही म्हणून लिहितो. पूर्वी गुरुवारी महावितरणचं काम निघालं की ४ साधे पंखे म्हणजे ३०० वॅट, दोन-अडीच तासांत बॅटरी टीं टीं करायला लागायची. आता तेच ४ पंखे १२० वॅट, संध्याकाळी लाईट येईपर्यंत बॅटरी हूं का चूं करत नाही. आणि आमचा इन्व्हर्टर जुन्या पद्धतीचा, स्क्वेअर वेव्हचा आहे, त्यावर साधे पंखे भुंग्यासारखे गुणगुणायचे. बीएलडीसी गुणगुणत नाहीत कारण ते आलेली वीज आधी डीसीच करून घेतात. लाईट गेलीये हे आमच्या कुत्र्याला सुद्धा कळत नाही.
त्यातून व्होल्टेजचा विषय. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू झाले की व्होल्टेज पडतं, साधा पंखा लगेच रडतो, बीएलडीसी त्याच वेगाने फिरतो.

चकलीताई
रिमोटची एक गंमत सांगते. आमच्या हॉलमध्ये दोन पंखे, दोन्ही एकाच मॉडेलचे घेतले, जोडी छान दिसते म्हणून. आता एका रिमोटने दोन्ही चालू होतात. बाबा पेपर वाचतात तिथला बंद केला की माझ्या डोक्यावरचा पण बंद. एकाला हाताने झाकून दुसऱ्यावर नेम धरावा लागतो, पाहुण्यांसमोर हा प्रकार चालतो. काही मॉडेलमध्ये रिमोट त्या-त्या पंख्याशी जोडून घेता येतो, घेतानाच विचारा, एका खोलीत दोन लावणार असाल तर.
आणि सासूसासऱ्यांच्या खोलीत लावणार असाल तर रिमोटचा विचार करून घ्या. आमच्या आत्यांना रिमोट म्हणजे टीव्हीचा. त्यांनी पंख्याच्या रिमोटवर मालिका लावायचा प्रयत्न केला, मालिका लागली नाही पण गारठल्या. भिंतीवरच्या बटणावर चालणारंच मॉडेल बघा. काहींमध्ये बटण पटकन बंद-चालू केलं की स्पीड बदलतं, ते पण वयस्कर माणसांना जमत नाही, त्यांना गोल फिरवायचं बटणच बरं.

रूमवर_राहणारा
कर्वेनगरला रूमवर राहतो, तिघं आहोत, बिल आम्ही भरतो आणि पंखा मालकाचा. मालक म्हणतो बदला तुमच्या पैशाने. घ्यावा का?

आकडेमोड
तिघं एका खोलीत, म्हणजे पंखा कोणी ना कोणी असतोच म्हणून १६ तास तरी चालतो. १६ × ४५ म्हणजे रोज ०.७२ युनिट. तिघांत वाटून हजार-हजार रुपये काढा, मालकाचा पंखा काढून त्याच्याच पलंगाखाली नीट ठेवा, रूम सोडताना आपला काढून न्या. खोकं आणि बिल फेकू नका. आणि कॉलेजला जाताना बंद करा राव, पंखा खोली थंड करत नाही, माणसाला थंड करतो, घाम वाळवून. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा उलट मोटरच्या उष्णतेने खोली किंचित तापवतोच.

रूमवर_राहणारा
बंद करायचं कोणी यावरूनच तर भांडणं आहेत.

गच्चीखालची
मंडळी सगळं ह्यांना वाचून दाखवलं, देवघराचं ऐकून हसले आणि सहावरून दोनवर आले. पण अजून एक शंका त्यांचीच, म्हणतात की आपला जुना पंखा ७५ वॅट खातो हे कशावरून, कमी पण खात असेल. खोक्यावरचं लेबल तर कधीच गेलं.

पर्वतीपायथा
मीटरवर मोजा की. सोपं आहे. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी लिहिलेलं असतं एका युनिटला किती वेळा, आमच्या मीटरवर ३२०० आहे, तुमच्यावर वेगळा असू शकतो. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज, वायफाय, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, मोबाईलचे चार्जर पण. फक्त तो एक पंखा फुलवर. मग दिवा लुकलुकला की मोबाईलचं स्टॉपवॉच सुरू, परत लुकलुकला की बंद. ३६ लाखाला त्या ३२०० ने भागा आणि आलेल्याला सेकंदांनी भागा, वॅट निघतात. ३२०० असेल तर सरळ ११२५ भागिले सेकंद. १५ सेकंद आले तर ७५ वॅट. एकदाच मोजू नका, दहा वेळा लुकलुकेपर्यंत थांबा आणि दहाने भागा, बोटाची चूक कमी होते.

मेतकूट
हे भारी आहे! आत्ता जाऊन आले, हॉलचा पंखा १४ सेकंद, म्हणजे ८० वॅट. खालच्या काकूंनी विचारलं मीटरपाशी काय करतेस, म्हटलं नाडी बघतेय.

वाड्यातला
आमचा तो काळ्या डब्याचा पंखा मोजला. फुलवर १२ सेकंद, म्हणजे ९४ वॅट. अजून गंमत म्हणजे स्पीड दोनवर केलं तर सेकंद फारसे वाढलेच नाहीत. पंखा रांगतोय, मीटर पळतंय. उद्या डबा काढतो. मांजर गेलंय तसंही.

हडपसरची_सून
ताई, घ्यायला कुठे जाणार? ऑनलाइन स्वस्त दिसतो पण लावायला येणारा माणूस रॉड वेगळा, ब्लँक प्लेट वेगळी असं करत पैसे लावतो. मी दुसऱ्यांदा तपकीर गल्लीत गेले होते, तिथे चार दुकानांत फिरवून चालू करून तरी दाखवतात, वारा आणि आवाज प्रत्यक्ष कळतो. चाकणला ॲटमबर्गचा कारखाना आहे, सुपरफॅन कोइमतूरचा, त्यांनी २०१२ लाच असे पंखे काढले होते, आणि आता क्रॉम्प्टन, ओरिएंट, हॅवेल्स सगळ्यांचेच बीएलडीसी आहेत. त्यामुळे ब्रँडवरून भांडत बसू नका, आपल्या भागात त्यांचा माणूस किती दिवसांत येतो ते शेजारपाजारी विचारा, तेच खरं.

गच्चीखालची
अपडेट देते, बरेच दिवस झाले.
रविवारी मंडईला गाडी लावून तपकीर गल्लीत गेलो. तिसऱ्या दुकानात मी खोक्यावरचं वाचून मोबाईलवर भागाकार करत बसले तर दुकानदार म्हणाला ताई तुम्ही शिक्षिका का. दोनच घेतले. एक सासऱ्यांच्या खोलीत, भिंतीवरच्या बटणावर चालणारा, ३० वॅट आणि २२५ हवा, म्हणजे साडेसात. दुसरा आमच्या बेडरूमला रिमोटचा. दोन्हींची वॉरंटी बोर्डासकट आहे हे बिलावर लिहूनच घेतलं. हॉलसाठी कंडेन्सर आणला, मेतकूट ताई तुमच्या घरी पेढे पोचवते, पंखा इतका जोरात फिरायला लागला की सासूबाईंनी पहिल्या दिवशी दोनवर करायला लावला. मुलाच्या खोलीतलं पातं खरंच वाकलेलं निघालं, हुकाचा रबर पण वायरमनने बदलला, हातात घेतला तर बिस्किटासारखा तुटला. तो बघून मला रात्री झोप आली नाही, १५ वर्षं मुलगा त्याच्याखाली वावरतोय.
मीटरवर पण मोजलं. ह्यांनी खाली मीटरपाशी उभं राहायचं आणि मी वरून फोनवर 'लावला', 'बंद केला' सांगायचं. सासऱ्यांचा जुना १५ सेकंद. नवा लावल्यावर हे खालून म्हणतात अगं दिवाच लुकलुकत नाहीये, मीटर बंद पडलं की काय. तेवढ्यात लुकलुकला, ३८ सेकंद. वॉचमन काका पण येऊन उभे राहिले बघायला. बेडरूमच्या नव्या पंख्याचा सव्वाशे-दीडशे रुपयांचा फरक आणि सासऱ्यांच्या पंख्याचा त्याच्यापेक्षा जास्त, दर महिन्याला, असं गणित ह्यांनी वहीत मांडून ठेवलंय, पुढच्या मे ची वाट बघतोय.
एकच तक्रार, सासरेबुवांना आवाज नसल्यामुळे झोप येत नाहीये. दोन रात्री कूस बदलत होते. तिसऱ्या दिवशी माळ्यावरचं जुनं टिकटिक करणारं घड्याळ काढून त्यांच्या उशाशी लावलं. आता सासूबाईंचं म्हणणं आहे की पंखा बरा होता.
गच्चीला पांढरा रंग लावायचा विषय सोसायटीत काढलाय, स्लॅबच कमी तापला तर पंखा तरी काय गरम हवा फेकेल. खालच्या मजल्यावरचे म्हणतात आमचा काय फायदा. ते वेगळ्या धाग्यात विचारते.
जुने दोन पंखे गॅलरीत पडलेत, त्यांचं काय करू?

गुंडाळी
भंगारवाल्याला अख्खे देऊ नका, तो लोखंडाच्या भावाने नेईल. आत तांबं आहे, २००९ चे आहेत म्हणजे ॲल्युमिनियमचं वाइंडिंग नसावं बहुतेक. आणि कटकट करणाऱ्याची बेअरिंग बदलली तर दोनशे-तीनशेत तो परत चालेल, इस्त्रीच्या खोलीतला कधी गेला तर लावायला होईल. पाती सुटी करून कागदात गुंडाळून आडवी ठेवा, उभी टेकवून ठेवली की वाकतात.